पुड्यावरचा गुलाब

रविवार कारंजा नावाच्या चौकात ती फुलं विकायला बसायची. साठीची, मखमलाबादकडच्या मळ्यातली बाई. नाव मी कधी विचारलं नाही. दर शुक्रवारी पूजेची फुलं पानात बांधून झाली की केसांत माळायला म्हणून वर एक गुलाब द्यायची. सगळ्याच सवाष्णींना द्यायची.

सत्त्याण्णव साली माझे यजमान गेले. मग नुसता पुडा मिळू लागला. गुलाबाकडे गेलेला तिचा हात मध्येच मागे फिरायचा. मलाही तेच बरोबर वाटत होतं.

सहा महिन्यांनी, चार बायका उभ्या असताना, तिने माझ्यापुढे गुलाब धरला.

"आई करायची तसंच मी करीत आले, ताई. आता नाय पटत मला. चुकलं माझं."

ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. तरी तो गुलाब पिशवीत लपवून घरी नेला आणि देवाला वाहिला. केसांत माळायला मला आणखी दोन वर्षं लागली. तोवर ती दर शुक्रवारी गुलाब देत राहिली. माळला का, असं तिने एकदाही विचारलं नाही.