लटारूची दार नसलेली मोटार

लटारूभाऊ,

मी तुला पत्र लिहिते आहे हे कळलं असतं तर तू आधी विचारलं असतंस, "काऊन बाई, दुसरं काम नाई का?" नाही. पेन्शनीत निघालेल्या मास्तरणीला दुसरं काम नसतं. शिवाय तू आता उलट उत्तर देण्याच्या पलीकडे गेला आहेस, त्यामुळे मला एकदाची माझी बाजू सलग सांगता येईल.

निमित्त सांगते. परवा गडचिरोलीला एका लग्नात जेवणाच्या पंगतीत एक गृहस्थ सांगत होते, की नदीघाटावर मासे धरणाऱ्या लटारू ढिवराने पाण्यावर चालणारी मोटार केली होती, आणि तिच्यात बसून तो वैनगंगा पार करायचा. मी हातातला घास खाली ठेवला आणि त्यांना सांगितलं, की ती मोटार तयार झाल्यावर पाण्यात गेली ती एकदाच, तीही नदीत नव्हे, मूल गावच्या तलावात. आणि तेव्हा ती लटारू चालवत नव्हता. त्यांना माझं सांगणं आवडलं नाही. लोकांना खोटं रंगतदार वाटतं. खरं काय झालं ते किती रंगतदार होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. म्हणून लिहिते, आणि छापायला देणार आहे. तुला ठाऊक असलेल्याच गोष्टी तुला पुन्हा सांगते आहे, तेव्हा मधे बोलू नकोस.

आपण दुसरीपर्यंत एका वर्गात होतो. मग तू डोंग्यावर, नाव वल्हवायला गेलास आणि मी नागपूरला. बी. ए. होऊन मी गावच्या शाळेत परत आले, तेव्हा त्रेपन्न साल होतं, आणि तू मला "इंदे" म्हणायचं सोडून "बाई" म्हणायला लागला होतास. तुझ्या अंगणात बांबूच्या ताटव्याखाली लोखंडाचा ढीग होता. त्या आधीच्या पावसाळ्यात लाकडाच्या ठेकेदाराची जीप, लढाईनंतर लिलावात निघालेली अमेरिकन जीप, दोन डोंगे एकत्र बांधून नदीपार नेताना डोहात गेली होती. माणसं पोहून काठाला आली. ठेकेदार म्हणाला, काढेल त्याची. तू त्याला तेच वाक्य पाटलासमोर आणि ठाण्याच्या जमादारासमोर पुन्हा म्हणायला लावलंस. एवढा तू भोळा नव्हतास.

मग हिवाळाभर तू बुड्या मारल्यास. कधी चाक वर आलं, कधी दिवा, कधी दातात धरलेला नुसता बोल्ट. चैत्रात पाणी उतरल्यावर इंजिनासकट सांगाडा बैल जुंपून ओढलात. वरचा पत्रा कुजला होता, तो नदीलाच ठेवलास. मूलच्या बसच्या मिस्त्रीला मरळ खाऊ घालून घालून घरी आणायचास आणि इंजिन उघडून बसायचात. गोकुळा, तुझी बायको, तेव्हा म्हणायची, "मिस्त्री जेवते जास्त आन् सांगते कमी." पण इंजिन सुरू झालं.

सांगाड्यावर काय चढवायचं, हा प्रश्न तुला पडलाच नाही. तुला डोंगा बांधता येत होता, तू डोंगा बांधलास. सागाच्या फळ्या, फटींत ताग ठोसलेला, वरून डांबर. मी विचारलं, दार कुठे आहे? तू माझ्याकडे असा पाहिलंस, की मी शाळेत काय शिकवत असेन याची तुला काळजी वाटली असावी.

"डोंग्याले दार रायते का, बाई?"

नऊवारीत त्या मोटारीत चढून दाखव, असं मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

हा सगळा खटाटोप माशांसाठी होता. पहाटे जाळ्यात आलेली मासळी बैलगाडीने मूलच्या स्टेशनावर पोचेपर्यंत गाडी सुटलेली असायची आणि उन्हात मासे मऊ पडायचे. म्हणून घाटावर येणारा व्यापारी म्हणेल त्या भावाला सगळा घाट मासळी देत होता. मोटार असली तर आगगाडी गाठता येणार होती. पण नंबर नसलेली मोटार रस्त्यावर दिसली, की ठाण्यात नेऊन पुन्हा सुटी सुटी करून टाकीन, असं जमादाराने तुला चार माणसांत बजावलं होतं. तो माणूस वाईट नव्हता. त्याला बोललेलं करून दाखवायची सवय होती, एवढंच.

आणि त्यानेच ती पहिली खोट काढली. म्हणाला, "चाक डाव्या बाजूले हाये. आपल्या इथी उजवीकडे लागते."

तू सुकाणूची सगळी पेटी उपटलीस आणि उजव्या बाजूला पालथी करून बसवलीस. संध्याकाळी घाटाच्या रेतीत मोटार फिरवून पाहिलीस आणि दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन मला सांगितलंस, की जमादार मोठा जाणता माणूस आहे. आधी गाडी आयकतच नव्हती, म्हणालास, सारखी भलतीकडे जायची. आता बराबर आयकते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी तोवर मोटारीत पुढच्या बाजूला कधी बसलेच नव्हते. तुझ्या शेजारी बसले तेव्हाही दोन्ही हातांनी फळी धरून डोळे मिटले होते.

मोटारींना नंबर देणारे साहेब दौऱ्यावर मूलला यायचे. अर्ज मी लिहिला, इंग्रजीत, आणि तो चांगला होता. नंबर नाही म्हणून मोटार मूलपर्यंत बैल जुंपून न्यायची, असं जमादाराने ठरवलं. तू चाकामागे ताठ बसलेला, पुढे बैल, मागे मी आणि गोकुळा छकड्यात. बाजाराचा दिवस. लोकांनी काय काय म्हटलं ते लिहीत नाही, छापणारे कापतील.

साहेब तरुण होते, पांढरे बूट घालून आले होते. तलावाकाठच्या मैदानात त्यांनी तुला मोटार चालवायला लावली. तू अशी चालवलीस, की चिंचेखालची माणसं उठून उभी राहिली. पुढे, मागे, झाडाला वळसा, दगडाला वळसा. ब्रेक पाहिला, दिवे पाहिले. दाराचं विचारलं, तेव्हा तू मला दिलेलंच उत्तर त्यांनाही दिलंस आणि ते हसले. मी गोकुळेला म्हटलं, मिळाला नंबर.

मग साहेब म्हणाले, आता मी जरा चालवून बघतो.

समोरून एक म्हैस येत होती. साहेबांनी तिला चुकवायला चाक उजवीकडे फिरवलं. मोटार डावीकडे निघाली. त्यांनी आणखी उजवीकडे फिरवलं, ती आणखी डावीकडे गेली, आणि काठ उतरून तलावात शिरली. म्हैस जागची हलली नाही. पाणी चाकांच्या वर चढून फळ्यांच्या अर्ध्यावर आलं, तेव्हा इंजिन बंद पडलं. आत एक थेंब गेला नाही. हे मी स्वतः पाहिलं आहे. साहेबांचे बूट कोरडे होते.

 मग साहेब शांतपणे म्हणाले, "तुझी गाडी उलटी वळते."

"नाई साहेब," तूही तितक्याच शांतपणे म्हणालास, "गाडी बराबर वळते. तुमीच उलटे वळवून राह्यले."

तू खोटं बोलत नव्हतास. डोंग्याच्या मागच्या टोकाला उभं राहून वल्हं धरायचं, मूठ उजवीकडे रेटली की डोंग्याचं तोंड डावीकडे वळतं, हे तू चालायला लागल्यापासून करत होतास. पेटी पालथी बसली आणि मोटार डोंग्यासारखी वळायला लागली. तुझ्या हाताला ते इतकं बरोबर वाटलं, की जगातल्या बाकीच्या मोटारी दुसऱ्या तऱ्हेने वळत असतील अशी शंकाही तुला आली नाही. साहेबांनी पाण्यात बसल्या बसल्या ते तुला समजावलं. तू विचार केलास आणि म्हणालास, मंग त्या डायवर लोकाइले डोंगा येत नसन.

साहेब हसले, पण नंबर दिला नाही. चाक सरळ करून पुढच्या दौऱ्याला आणा, म्हणाले, तेव्हा जमलं नाही तर प्रकरण बंद. जमादार काठावरच उभा होता. त्याने मान हलवली, म्हणजे मग मोटार सुटी करायला तो मोकळा.

मिस्त्रीने पेटी सुलटी केली. खरं संकट त्यानंतर आलं. मोटार आता शहाण्यासारखी वळत होती आणि तुला ती चालवता येत नव्हती. तू ती वाळत घातलेल्या जाळ्यांत घातलीस. शेजारच्या घनश्यामच्या गोठ्यात घातलीस. माझ्या शाळेच्या भिंतीला घातलीस, तेव्हा तिसरीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. तू मन लावून उजवीकडे फिरवायचास, पण घाई झाली, की हात डोंग्यावर जायचे. एक दिवस शाळेच्या पायरीवर येऊन बसलास. "डोक्याले समजते, बाई. हात आयकत नाई."

मी काय सांगणार होते? सवय कर म्हटलं. मास्तर लोक तेच सांगतात.

रस्ता गोकुळेने काढला. ढिवरांच्या बाया जाळी विणतात, मासे विकतात, पण वल्ह्याला हात लावत नाहीत, हे तुमच्यात सांगावंही लागत नव्हतं. मासे कापता कापता, मान वर न करता ती म्हणाली, "मी जनमात वल्हं धरलं नाई. माह्या हाताले काई माहीतच नाई. मले शिकव."

तू उठून नदीवर गेलास. दोन वेळा जेवला नाहीस. घाटावर तुझ्या जोडीच्या झिंगूने विचारलं, आता मासे वहिनी नेणार, तर जाळी तू विणशील का? तू त्याला काय म्हणालास ते झिंगूने कधी सांगितलं नाही, पण पुढे तो तुझ्या वाटेला गेला नाही. तिसऱ्या वेळी जेवलास आणि हात धुऊन म्हणालास, "बस. पन मी सांगन तवाच गेर टाकशीन."

ती तुझं कुठे ऐकायला! पण शिकली. तू शेजारी बसून गेर सांगायचास, ती आधीच टाकून मोकळी व्हायची. वळणावर तू उजवीकडे रेटायचास, हवेतच, आणि ती तुझ्याकडे न बघता बरोबर वळायची.

साहेब पुन्हा आले. चालवणार कोण, त्यांनी विचारलं. "मी," गोकुळा म्हणाली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. हे सगळं शिकलेल्या बाईचं खूळ, असं त्यांना वाटलं. मी आकाशाकडे पाहिलं. गोकुळेने पदर खोचला, फळीवर पाय टाकून आत उतरली आणि मैदानाला वळसा घालून तलावाच्या अगदी काठाने मोटार नेली. मुद्दाम नेली, मला माहीत आहे. साहेब या खेपेला आत बसले नव्हते. त्यांनी लांबूनच उजवा हात दाखवला, ती उजवीकडे वळली. डावा दाखवला, डावीकडे वळली. मग त्यांनी सही केली. गोकुळेच्या परवान्याचंही त्याच दुपारी पाहिलं. परत येताना बैल लागले नाहीत, ते मोकळे मागून आले.

दुसऱ्या सकाळी घाटावरची मासळी मूलला आगगाडीत चढली, ताजी. व्यापाऱ्याने भाव वाढवून देऊ केला, तरी घाटाने त्याला मासळी दिली नाही. मोटारीत फुकट बसून मूलला जाणारा पहिला माणूस जमादार होता.

पुढे मी बदलून नागपूरला गेले. घाटावरून कुणी आलं, की तुमच्या मोटारीची खबर मिळायची. शेवटची खबर तू स्वतः धाडलीस. गोकुळा म्हणते भोंग्याचा रबरी फुगा फाटला आहे, वळणावर तिला तोंडाने ओरडावं लागतं, तेव्हा नागपुरातून नवा पाठवा. माझ्या खोलीपासून चार पावलांवर मोटारीच्या सामानाचं दुकान होतं. दुकानदाराने विचारलं, माप काय? मी तुला तसा निरोप धाडला. तुझा उलट निरोप आला, सुतळीला गाठ मारून माप पाठवतो. ती सुतळी घेऊन अजून कुणी आलेलं नाही.