संकष्टीला पायाला कोळंबी

मी सांगतेय, नात सायली टाईप करतेय. चुका तिच्या, शहाणपण माझं.

मला साखरेचं दुखणं, त्यात पायाच्या अंगठ्याची जखम तीन महिने भरेना. अंगठा कापतील या भीतीने माझी बडबडसुद्धा बंद झाली होती. आज डॉक्टरीणबाईंनी नवीन पट्टी लावली.

"आजी, ही कोळंबीच्या सालांपासून बनवतात. जखम भरायला मदत होते."

"अगो बाय, आज माझी संकष्टी!"

"पट्टी खायची नाहीये, आजी!"

जन्मभर ती सालं मी माडाच्या मुळात टाकली. माड वाढला, मी लंगडले!

पट्टी काही काढली नाही. गणपतीच्या देवळाच्या पायऱ्या चढायला अंगठा लागतोच.

तुम्ही सांगा, उपास मोडला का? मोडला म्हणणाऱ्याने मला उचलून देवळात न्यावं.