मधमाश्यांना सांगितलेली बातमी

चिपळूणच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीशी उभे राहून बाबा एकच विचारत होते, "पाणी घेतलंस ना?" मी मान हलवायचे, ते पुन्हा विचारायचे. नवऱ्याला आखातात, रास अल खैमाला टाइल्सच्या फॅक्टरीत नोकरी लागली होती. मी त्याच्यामागून निघाले होते.

तिकडे चिपळूणला कोणी वारलं की आळीभर लगेच कळायचं. गेल्या वर्षी बाबा गेले, तेव्हा इथे शेजारच्या फ्लॅटलाही पत्ता नव्हता. माझे दिवस भरत आलेले. डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नकार दिला. अंत्यविधी मी मोबाइलवर पाहिला. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. दहाव्याला दादाचा मेसेज आला, "कावळा शिवला." एवढाच. मला वाटलं, लगेच शिवला असणार. म्हणजे बाबांचा जीव कशातच अडकला नव्हता. माझ्यातही नाही. आईला फोन करणंच मी टाळू लागले.

मी ज्या शाळेच्या ऑफिसात काम करते, तिथली लायब्रेरियन हेलन इंग्लंडमधल्या खेड्यातली, साठीची. इथल्या एका मळ्यात, बोरीसारख्या दिसणाऱ्या सिदर झाडांखाली तिने मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्यात. नवऱ्याकडून तिला बाबांचं कळलं, तशी दहाव्यानंतरच्या शनिवारी सकाळी ती दारात उभी. "यल्ला, चल."

वाटेत म्हणाली, "आमच्याकडे घरात कोणी गेलं की मधमाश्यांना सांगावं लागतं. नाही सांगितलं तर त्या रुसून निघून जातात. आजी म्हणायची, गेलेल्या माणसापर्यंत त्याच निरोप नेतात."

कावळ्याची वाट बघणाऱ्या घरातली मी, हसणार कशी?

हेलनने पेटीवर हलकेच टकटक केलं आणि बाजूला झाली. "तुझ्या भाषेत सांग."

"माझे बाबा गेले," मी म्हणाले. हे शब्द तोंडातून पहिल्यांदाच बाहेर पडत होते. "मला जाता आलं नाही." आणि मग मला रडू आवरेना. हेलनने पाठीवर हात ठेवला.

घरी येऊन आईला फोन लावला. "कावळा लगेच शिवला ना गं?"

"कुठला लगेच! किती वेळ फिरकलाच नाही. शेवटी दादा म्हणाला, 'धाकटीच्या बाळंतपणात आम्ही काही कमी पडू देणार नाही, काळजी करू नका.' तेव्हा कुठे शिवला."

मागे गावी राहिलेल्यांना वाटतं, आम्ही घर टाकून आलो. आम्हालाही तसंच वाटायचं. आता वाटतं, आपल्या घरातलं बरंवाईट ज्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही, ती माणसं म्हणजे घर. मग ती चिपळूणला असोत की इथे.

लेक झाल्याचं मी आधी आईला कळवलं, मग हेलनला.

"मधमाश्यांना मी सांगते," ती म्हणाली.