आईच्या बाप्तिस्म्याचं पाणी

नांदेडला नदीकाठी नवी वसाहत उठली, तेव्हा आम्हा सगळ्या ख्रिस्ती घरांना मिळून एकच चॅपल मिळालं. चॅपल कसलं, पत्र्याची एक खोली. आठला कॅथलिकांची मिस्सा, दहाला आम्हा प्रोटेस्टंटांची उपासना. आमच्यात मूर्ती चालत नाही, म्हणून मधे मरियेच्या पुतळ्यापुढं पडदा ओढायचा. ते काम आईनं आपणहून अंगावर घेतलं होतं, आणि त्यावरून तिची मिस्सावाल्या नर्सबाईंशी दर रविवारी जुंपायची. मला दोघींची मजा वाटायची.

पासष्टीत आईनं ठरवलं, पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घ्यायचा. लहानपणी बिलोलीला कपाळावर शिंपडलेले चार थेंब तिला पुरेनात. दारात गोदावरी होती, पण त्या दुष्काळात पात्रात म्हशीसुद्धा बसेनात. पाळकसाहेब म्हणाले, पावसाळ्यापर्यंत थांबू. आईचं हृदयाचं ऑपरेशन मात्र त्याआधीच ठरलं होतं.

"तवा म्या असंन का न्हाई, कोण सांगावं?" ती सरळ म्हणाली.

चॅपलमागं विटा भिजवायचा हौद होता. बांधकाम थांबल्यानं तो कोरडा पडला होता. मी तो घासूनपुसून घेतला, पण भरायचा कशानं? टँकर चार दिवसांनी यायचा, तोही भांडणं लावून जायचा. शेवटी आईनंच माघार घेतली.

"लोकाच्या तोंडचं पाणी घेऊन म्या कशाला बुडू?"

नर्सबाईंना हे कळलं, तशा त्या तरातरा घरी आल्या. "मावशी, तुम्ही ते पाणी पिऊन टाकणार हाव का? बुडा अन् वापस द्या. आम्हाला धुणंच धुवायचंय."

रविवारी मिस्सा सुटली आणि बादल्यांची रांग लागली. शेजारच्या बौद्ध आणि हिंदू बायाही आल्या. नंतर घोळ नको म्हणून प्रत्येकीनं बादलीवर खडूनं नाव घातलं होतं. हौद कमरेपर्यंत भरला. पाळकसाहेबांनी आईला गुडघ्यांवर बसवलं, प्रार्थना म्हटली आणि मागं झुकवून पूर्ण बुडवलं. ती खोकत, हसत वर आली. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

मी टॉवेल पुढं केला.

"थांब," ती म्हणाली. हौदात उभ्या उभ्याच तिनं पदर पिळला, मग केस, मग निऱ्या.

"लोकाचं पाणी हाय, घरी कशाला नेऊ?"

बाया खो खो हसत होत्या, आणि मला रडू आवरेना.