घैसास साहेबांची वाळू तपासणी

जेवणानंतर पत्र्याच्या ऑफिसात पंखा गरगरतोय आणि माझ्या पापण्या जड होतायत. समोर परवानगीचा कागद आहे. टांझानियातल्या या धरणाच्या बाविसाव्या ब्लॉकमध्ये चार वाजता काँक्रीट ओतायचं, त्यासाठी माझी, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या इंजिनिअरची, सही हवी. वाळूचा अहवाल जुना आहे. त्यानंतर नदीला पूर येऊन गेला, म्हणजे वाळूत गाळ आला असणार, आणि गाळाच्या वाळूचं काँक्रीट कच्चं राहतं. पण आमचे प्रमुख मुशी सकाळपासून तीनदा बजावून गेलेत, की आता एक दिवसही उशीर नको.

दार ढकलून घैसास साहेब आत येतात. नाशिकजवळच्या एका लहान धरणावर यांनीच मला काँक्रीट शिकवलं. गेल्या वर्षी ते वारले. अंत्यदर्शन मी इथून व्हिडिओ कॉलवर घेतलं. साहेबांच्या अंगात स्वेटर आहे. या उकाड्यात.

"खानोलकर, वाळू दाखव."

मी उठते, तर आम्ही नाशिकच्या बसस्टँडवरच्या कँटीनमध्ये बसलोय. साहेब पाण्याच्या ग्लासात मूठभर वाळू टाकून ढवळतात आणि गाळ बसायची वाट बघतात. शेजारी बाकावर पाणघोडा आहे. वेटर त्याला मिसळीबरोबर पाव किती आणू, असं विचारतोय. साहेब त्याला जरा सरकून बसायला सांगतात. तो निमूट सरकतो.

ग्लासात वाळूवर बोटभर चिखल बसलाय.

मी साहेबांना समजावते, की प्रमुख चिडतील, माझा करार मार्चमध्ये संपतोय आणि अहवालात तर सगळं ठीक आहे. बोलता बोलता कँटीनची फरशी संपते आणि आम्ही धरणाच्या माथ्यावर उभे असतो. खाली नदी.

"साहेब, तुम्हीच करा ना सही."

"माझी सही आता बँकेतसुद्धा चालत नाही," ते शांतपणे म्हणतात. "आणि चालली असती, तरी या वाळूवर केली नसती."

मुशी मला हलवून जागं करतात. पावणेचार वाजलेत. ते कागद उचलतात, वाचायचा प्रयत्न करतात, उलटा धरून बघतात. सहीच्या जागी माझ्याच अक्षरात, पेन दाबून दाबून, मराठीत लिहिलंय.

ही तुझी सही का, ते विचारतात. सबंध साइटवर मराठी वाचणारी मी एकटीच. हो म्हटलं तर खपून जाईल.

"नाही," मी म्हणते. "वाळू धुवा, असं लिहिलंय."