खोट आधी लिहायला लावणारे चाचा

इक्बालचाचा गेल्याचं मला फोनवरच्या मेसेजमधून कळलं. मी पेणला घरी बसून एका मिक्सरबद्दल इंग्रजीत चार ओळी लिहीत होते. ऑनलाइन विकायच्या वस्तूंची वर्णनं लिहिणं हेच माझं काम. त्यांचा पुतण्या सलीम यानं कळवलं होतं, चाचा पहाटे झोपेतच गेले, दफन दुपारच्या नमाजानंतर. मी मेसेज दोनदा वाचला आणि पुन्हा मिक्सरकडे वळले. ‘तीन भांडी, दोन वर्षांची हमी’ हे वाक्य पूर्ण केलं. असं का केलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. बहुधा त्या क्षणी मला एकच गोष्ट आठवायची नव्हती. आठच दिवसांपूर्वी चाचांनी मला एक प्रश्न विचारला होता, आणि मी उत्तर न देता एसटी पकडून घरी आले होते.

रोह्याच्या बाजारात त्यांचं वाद्यांचं दुकान आहे. समोरून अरुंद आणि आत लांबच लांब. दोन्ही भिंतींवर गिटारी टांगलेल्या, आणि अगदी आत, पंख्याखाली, चाचांचं दुरुस्तीचं टेबल. त्या दिवशी ते एका गिटारीच्या जुन्या तारा काढत होते. वर न बघताच म्हणाले, “डॉक्टर बोलला, आता बस करा. सलीमला मोबाइलची कव्हरं विकणारा भाडेकरू मिळालाय. पण मी त्याला थांबवलंय. दुकान तू बघशील काय?”

मी काउंटरवरच्या, तारा छेडायच्या प्लेक्ट्रमच्या डबीकडे बघत राहिले. लाल, पिवळे, कासवाच्या पाठीसारखे ठिपक्यांचे... मला गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही, एवढं तरी सांगायला हवं होतं. अनोळखी नंबर आला तर मी फोन वाजू देते, बंद झाला की हुश्श करते, हेही सांगता आलं असतं. मी म्हणाले, “चाचा, गाडी चुकेल.” ते म्हणाले, “जा गो जा. गाडीचं बघ आधी.” हे आमचं शेवटचं बोलणं.

त्यांची माझी ओळख झाली ती एका चुकीमुळे, आणि तशी चूक फक्त आमच्याच घरात होऊ शकते. माझ्या मामाचा पेणजवळ जोह्याला गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एक साधी गिटार घेतली होती आणि दार लावून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं वाजवायचे. ऐन पावसाळ्यात तिला ओल धरली. लाकूड हाताला गार लागायला लागलं, तारा तांबूस झाल्या. मी मामाकडे गेले होते तेव्हा तिला सोबत नेलं. मामानं तिच्यावर टकटक करून बघितलं, मडकं वाजवून बघावं तसं, आणि म्हणाला, “ठेव गो हिथं. मूर्तींबरोबर सुकेल.” मूर्ती सुकवायच्या खोलीत हॅलोजन लावलेले असतात. दोन दिवस माझी गिटार शाडूच्या गणपतींच्या रांगेत, त्यांच्यासारखीच भिंतीला पाठ लावून उभी होती. तिसऱ्या दिवशी तिच्या पोटाला वीतभर तडा गेलेला आणि तारा धरणारी पट्टी अर्धी उचललेली. मामाला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की तो हातानं काहीतरी करतो. त्यानं तड्यात शाडू भरला, पॉलिश पेपर मारला आणि वरून मुकुटाचा सोनेरी रंग दिला. काम इतकं सफाईदार होतं की मला रडूही येईना.

पेणला कुणी हात लावेना, म्हणून ती घेऊन मी रोह्याला गेले. चाचांनी पिशवीतून गिटार काढली, खिडकीकडे धरली, सोनेरी पट्ट्यावरून अंगठा फिरवला. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “जोह्याची काय गो तू?”

मी मान हलवली.

“तरीच. बाकी सगळं झालंय, डोळ्यांची आखणीच तेवढी राहिली.”

मी हसले. अनोळखी माणसासमोर मी अशी हसले, याचं मलाच नवल वाटलं. चाचांनी मस्कतला एका वाद्यांच्या दुकानात अठरा वर्षं दुरुस्तीचं काम केलं होतं. तिथल्या कोरड्या हवेत तडकलेली लाकडं आणि इथल्या ओल्या हवेत फुगलेली लाकडं, दोन्ही त्यांच्या हाताला ठाऊक होती. गिटारीला त्यांनी महिनाभर ठेवून घेतलं. परत दिली तेव्हा आतून तड्याला पातळ लाकडाचं ठिगळ होतं, पट्टी पक्की बसलेली होती, पण बाहेरचा सोनेरी रंग तसाच. “राहू दे तो,” ते म्हणाले. “मूर्तिकाराचा हात हाय. माझ्यानं खरवडवला नाय.”

त्यानंतर मी अधूनमधून जायला लागले, त्यांच्याकडून थोडी दुरुस्तीही शिकायला लागले. दुपारी दुकानात फारसं कुणी नसायचं. रस्त्यावरून अवजड ट्रक गेला की भिंतींवरच्या सगळ्या गिटारी एकदम, अगदी हळू, गुणगुणायच्या, आणि ट्रक वळणाआड गेल्यावरही तो आवाज काही क्षण खोलीत तरंगत राहायचा. चाचा तेव्हा हातातलं काम थांबवायचे. मीही थांबायचे. त्या दुकानात गप्प बसणं म्हणजे कुणाला उत्तर देणं टाळल्यासारखं कधी वाटलं नाही.

एकेकाळी हे दुकान भजनी मंडळांच्या पेट्यांवर, ढोलक्यांवर आणि लग्नाच्या बेंजो पार्ट्यांवर चालायचं. मग बेंजोवाल्यांनी कीबोर्ड घेतले, कीबोर्डवाल्यांना डीजेनं बाजूला केलं. मग लॉकडाउन आला आणि घरात अडकलेल्या प्रत्येकाला गिटार हवी झाली. चाचा सांगायचे, “नागोठण्यापासून कोलाडपर्यंत एक घर सोडलं नाय. कंपनीतले साहेब, त्यांच्या बायका, पोरं... तारा पुरत नव्हत्या.” दोनेक वर्षांत त्याच गिटारी परत यायला लागल्या, विकायला. प्रत्येकजण सांगायचा, फक्त एकदाच वाजवलीय. ज्या आल्या नाहीत त्या फ्लॅटच्या भिंतींवर खिळ्याला लटकलेल्या. “गिटारी नाय गो त्या,” चाचा म्हणायचे, “सुकट हाय. वाळत घातलीय नुसती.”

नवी गिटार घ्यायला येणारे तर हातात फोन धरूनच यायचे. एकदा माझ्यासमोरच एक बापलेक आले. मुलीनं पाच गिटारी वाजवून बघितल्या, एक तिला आवडली. बापानं तिच्यावरच्या लेबलाचा फोटो काढला, बाहेर पायरीवर उभं राहून फोनवरूनच तीच गिटार मागवली, आणि जाताना आत डोकावून विचारलं, “चाचा, आली की सूर लावून द्याल ना?”

“आणा की,” चाचा म्हणाले.

ते गेल्यावर मला राहवलं नाही. “तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?”

“काय बोलू? हातात धरून बघायला माणसाला जागा नको काय कुठंतरी?” आणि मग, “तू ते इंग्रजीत लिहितेस ना मिक्सरचं... माझ्या गिटारींचं लिही की. आपण पण टाकू फोनवर.”

असं मी त्यांच्या जुन्या गिटारींची वर्णनं लिहायला लागले. पहिलं वर्णन मी माझ्या सवयीनं लिहिलं: उबदार आवाज, सुंदर लाकूड, नवशिक्यांसाठी उत्तम. त्यांना मराठीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मान किंचित वाकलीय ते कुठंय?”

“ते शेवटी लिहू.”

“नाय. खोट आधी लिही. गुण त्याला वाजवल्यावर कळतीलच.”

मग तशीच पद्धत पडली. वाकडी मान, खरचटलेली पाठ, तिसऱ्या पट्टीवर होणारी करकर... सगळं आधी. ते गिटार हातात घेऊन सांगायचे आणि मी टिपून घ्यायचे. पहिले काही महिने एकही विकली गेली नाही. लोक गंमत म्हणून वाचायचे. मग हळूहळू लांबून विचारणा यायला लागली, आणि चाचा त्यातल्या निम्म्यांना परतवून लावायचे. नागपूरहून एकाचा फोन आला तर ते त्याला म्हणाले, “साहेब, ही इकडच्या हवेत मुरलीय. तुमच्या उन्हाळ्यात तडकेल. तिथलीच एखादी बघा.” मी कपाळावर हात मारला. ते फोन ठेवून म्हणाले, “मारलास हात? मार. तुझी तडकली तेव्हा कशी वाटली होती?”

धंदा यानं वाढला नाही. पण दुरुस्तीची कामं वाढली. भिंतीवरची सुकट उतरवून माणसं दुकानात यायला लागली. ज्यानं खोट आधी सांगितली त्याच्या हातात आपली वस्तू द्यावी, असं त्यांना वाटलं असावं. मी हे चाचांना कधी बोलून दाखवलं नाही. बऱ्याच गोष्टी दाखवल्या नाहीत.

दफन झाल्यावर चौथ्या दिवशी मी चाचींना भेटायला गेले. दुकानामागच्या जिन्यानं वर त्यांचं घर. सलीम भेटला, भला माणूस आहे. म्हणाला, भाडेकरू थांबायला तयार नाही, महिनाअखेरपर्यंत काय ते सांगावं लागेल. चाचींनी चहा दिला, खोबऱ्याची वडी दिली, माझ्या आईची चौकशी केली. दुकानाबद्दल चकार शब्द नाही. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही. दर वेळी वडखळ मागे पडलं की मी मनातल्या मनात वाक्य जुळवायला घ्यायचे आणि रोहा येईपर्यंत ते विस्कटलेलं असायचं. चाची दर वेळी वडी द्यायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. मला वाटलं, चाचांनी त्यांना सांगितलंच नसेल. किंवा सांगितलं असेल, आणि त्यांना माझा राग आला असेल.

महिन्याचे दोन दिवस उरले होते. चाची खाली बसून कोलंबी सोलत होत्या. मी दारातच उभी राहिले, चपलाही काढल्या नाहीत, आणि म्हणाले, “चाची, मी बघेन दुकान. रोज नाही जमणार. शनिवार-रविवार. आणि मी विकणार फार नाही, दुरुस्तीच जास्त... तीही मला अजून अर्धीच येते. गिऱ्हाइकाशी मला धड बोलता येत नाही.” नंतर लक्षात आलं की मी सगळी खोट आधी सांगितली होती आणि गुण एकही नव्हता.

चाचींनी वर बघितलं. “ते बोलून गेलेत मला, ‘ती हो म्हणेल, पण लगेच नाय. तू विचारू नको तिला, विचारलंस की पळेल.’” त्यांनी कोलंबीचं शेपूट ओढून काढलं. “आठ दिवस धर, बोललेले. तू महिना लावलास गो! त्या सलीमला रोज नवी थाप मारून मारून मी थकले.”

हात धुऊन त्यांनी किल्ली दिली. मी खाली आले, शटर जेमतेम वाकून आत जाण्याइतकं वर केलं आणि दिवा लावला. टेबलावर ती गिटार तशीच होती, चाचा जिच्या तारा काढत होते. तीन नव्या तारा त्यांनी चढवलेल्या, त्यांच्या पद्धतीनं, टोकं आत वळवून, म्हणजे बोटाला लागत नाहीत. तीन चढवायच्या राहिलेल्या, पाकिटातच. खाली कागदाचा तुकडा: नागोठणे, एक नाव, फोन नंबर. त्यांच्या स्टुलावर बसून मी उरलेल्या तीन चढवल्या. टोकं आत वळवणं मला दोनदा करावं लागलं. सूर लावला. त्यांच्या तारा आणि माझ्या तारा एकत्र वाजवल्या तर कुठली कुणाची ते कळत नव्हतं. मी खूप वेळ ऐकत होते.

मग मी फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या. मी म्हणाले, “रोह्याहून बोलतेय, वाद्यांच्या दुकानातून. तुमची गिटार तयार आहे.”

“अगंबाई, मी पार विसरलेच होते. चाचा बरे आहेत ना?”

मी सांगितलं. त्या हळहळल्या आणि म्हणाल्या, “मग आता दुकान?”

“उघडं आहे,” मी म्हणाले. फोन ठेवला, उठले, आणि शटर पूर्ण वर ढकललं.