कानबाईचा पाट आणि आईचा तोल

आमच्या घरची कानबाई नदीवर जाते ती माझ्या आईच्या डोक्यावरून. श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी देवी बसते, घरोघर तिच्या नैवेद्याचे रोट होतात, आणि सोमवारी सकाळी नथ घालून साडी नेसवलेली ती नारळाची देवी पाटासकट डोक्यावर घेऊन घरची बाई वाजतगाजत पांझरेवर निघते. आजीकडून हा मान आईकडे आला तेव्हा मी चड्डीत होतो. पुढे माझे केस गेले, पोट आलं, धुळ्यात घर झालं. पाट मात्र आईच्याच डोक्यावर राहिला.

मागच्या वर्षी रविवारी केळीच्या खांबांना वर झेंडूची माळ बांधायची म्हणून आईने मान वर केली आणि ती डोलायला लागली. डोळे गरागरा, हात हवेत. आता आमच्याकडे कानबाईसमोर बाई डोलायला लागली तर तिला कोणी डॉक्टरकडे नेत नाही. बायकांनी गाण्याचा आवाज चढवला, ढोलकीवाल्याचे हात जलद झाले. भावकीतली थोरली काकू, जिला सगळं गाव अक्का म्हणतं, कुंकवाचं ताट घेऊन धावली. मी कॉलेजात विज्ञान शिकवतो. मीही पुढे झालो, हात जोडले आणि विचारलं, "माय, मना पोरनं लगीन कव्हय जमी?"

"अंगात नही रे, डोकामा शे!" आई खांबाला मिठी मारून ओरडली. "बठ्ठं घर फिरी राहिनं. आधी माले धर, मंग पोरनं लगीन पाह्य!"

मी धरेपर्यंत ती खांबासकट खाली बसली होती.

सोमवारी पाट वहिनीने नेला. आई ओट्यावर बसून मिरवणूक वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. त्यानंतर ती भिंत धरून चालायला लागली. उजव्या कुशीवर वळायची नाही, फडताळातला वरचा डबा काढायची नाही. अक्काने तर निकालच दिला, "आते पाट सुनले दी टाक. पडनी तर देवी बी फुटी अन तू बी." अक्काला आईने उलट उत्तर दिलं नाही, हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडलं. मी घाबरलो ते तेव्हा.

तिला धुळ्याला आणलं. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की तोल सांभाळणारं यंत्र कानाच्या आत असतं. तिथले बारीक कण जागचे सरकलेत. यावर गोळ्यांपेक्षा फिजिओथेरपी कामाची. ती करणारी मुलगी वरणगावकडची, माझी विद्यार्थिनी शोभेल अशा वयाची. तिने आईची मान एका बाजूला वळवून तिला झटकन मागे निजवलं, डोकं टेबलाच्या कडेबाहेर. आईची बुबुळं थरथर उडायला लागली आणि तिची नखं माझ्या मनगटात रुतली. मग सावकाश मान दुसरीकडे, कूस दुसरीकडे, आणि उठवून बसवलं. अशा काही खेपांनंतर घर फिरायचं थांबलं. पण भीती कानात थोडीच राहते! ती एव्हाना तळपायात उतरली होती.

"आजी, बरं झाल्यावर तुम्हाला काय करायचंय?" तिने विचारलं.

"घरातल्या घरात एकटीने हिंडली-फिरली तरी खूप झालं," मी सांगून टाकलं.

"त्यानं काय ऐकस? डोकं मनं शे," आई तिला म्हणाली. "माले कानबाई नदीवर लई जानी शे."

ती मुलगी हसली नाही. तिने विचारलं, पाट केवढा, रस्ता कसा, उतार कुठे लागतो, वाजंत्री कोणत्या बाजूने चालते. मला यातलं निम्मं सांगता आलं नाही. आईला सगळं पाठ होतं.

मग आमच्या गॅलरीत तालीम सुरू झाली. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरायचा, नजर अंगठ्यावर आणि मान डावी-उजवी. समोरच्या घरातल्या बाईंना वाटलं, ही म्हातारी रोज सकाळी आपल्याकडे बघून नाही-नाही म्हणते. नंतर गोधडीची घडी घालून त्यावर पाय जुळवून उभं राहायचं. "यात काय आहे?" म्हणत मी डोळे मिटून करून दाखवायला गेलो आणि थेट कूलरवर जाऊन आदळलो.

"आते याना अंगमा ई राहिनं," आई माझ्या बायकोला म्हणाली. "इचार वं, काय इचारनं ते!"

हळूहळू चालताना मान वळवणं आलं, जिना उतरणं आलं. मग डोक्यावर रिकामी परात आली, तिच्यात नारळ आला. बायको मोबाईलवर लग्नातला बँड लावून कधी आईच्या डाव्या कानाशी, कधी उजव्या कानाशी चालायची. सुट्टीत आम्ही गावी जाऊन नांगरलेल्या वावरात चालायचो. शेजारी मी, धरायला. खरं म्हणजे ढेकळांवर जास्त वेळा तिनेच मला धरलं.

उन्हाळ्यात एकदा सगळं पुन्हा फिरलं. आई खाटेच्या काठावर बसून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. अक्कानं खरं शे." दुसऱ्या दिवशी त्या मुलीने पुन्हा तिला निजवून मान वळवली, बसवलं, आणि म्हणाली, "आजी, हे अधूनमधून उलटतं. कण हलले, पाय शिकलेलं विसरलेले नाहीत." आईने घरी आल्याआल्या परात मागितली.

यंदाच्या श्रावणातल्या सोमवारी अक्का दारातच उभी होती. "पडनी म्हणजे?"

"पडसू तर तुना आंगवर पडसू. सरक."

पाट डोक्यावर गेला. ठरल्याप्रमाणे एका बाजूला वहिनी, मागे मी, दोन्ही हात पसरून, पतंग पकडायला निघाल्यासारखा. गल्ली संपली, नदीचा उतार लागला. माती ओली, आणि नेमका तिथे ताशेवाला रंगात येऊन आईच्या कानाशी आला. आई थांबली. वाजंत्री थोडी पुढे जाऊन थांबली. आईची नजर पलीकडच्या काठावरच्या एका बाभळीवर खिळली होती. मग तिने पाऊल उचललं, ओल्या मातीत रोवलं, मग दुसरं. ती सावकाश, ताठ मानेने उतरत गेली आणि पाण्याच्या कडेला पाट तिने स्वतःच्या हाताने उतरवला. अक्काने पुढे होऊन आधी देवीला कुंकू लावलं, मग आईला. बायकांनी फुगडीला ओढलं तेव्हा आईने हात जोडले, "ती तालीम व्हयेल नही."

पूजा आटोपली. आमच्याकडे देवी बुडवत नाहीत, परत घरी आणतात; आता ती घेऊन चढ चढायचा. आईने वहिनीला हाक मारली, "आते तू ले."

"तुम्हीच ल्या ना, आई. एवढं जमाडं तुम्ही."

"गये साल तुले लेनं पडनं," आई म्हणाली. "आज मी देस, म्हणीसन ले." आणि तिने पाट उचलून वहिनीच्या डोक्यावर नीट बसवला, तिच्या खांद्यावरचा पदर सारखा केला, आणि मोकळ्या हातांनी चढ चढायला लागली. भिंत नाही, काठी नाही, माझा हात नाही.

मी मागून येत होतो. मोठा भाऊ शेजारी आला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "पाट लई गई माय, अन छाती फुगनी तुनी!"

फुगली होती. शर्टाचं वरचं बटण त्याच सोमवारी तुटलं.